घरचा जमाखर्च परक्यांपुढे का मांडावासा वाटतो?

फोडणीचा_भात | शनिवार, रात्री ११:२०

आज दुपारी मोठ्या नणंदेकडे सवाष्ण म्हणून जेवायला गेले होते. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता त्यांनी सहज विचारलं, "काय गं, तुमचं महिन्याचं किती जातं घरात?" मीही तितक्याच सहज म्हटलं, "अहो ताई, हिशोब कोण ठेवतंय!"

धादांत खोटं. माझ्या मोबाईलमध्ये २०१९पासूनची एक्सेल शीट आहे, त्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा सापडेल. आणि आता रात्री अकरा वाजता तीच शीट मी तुमच्यापुढे उघडतेय, ज्यांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत. मला स्वतःचंच नवल वाटतंय, म्हणून धागा.

आधी आकडे देते, म्हणजे "तुमचं सांगा की आधी" असं कोणी म्हणायला नको. धायरी, पुणे. आम्ही दोघं, चौथीतली लेक, सासूबाई. दोघांचे मिळून हातात १,१८,००० येतात. त्यातले ३१,५०० घराच्या हप्त्याला, ३,२०० सोसायटीला. किराणा ९,५००, दूध २,९००, भाजी-फळं ५,५००. वीज, गॅस, इंटरनेट, मोबाईल मिळून ४,३००. पोळ्या-भांडीवाल्या मावशी ४,२००. लेकीची फी (वर्षाची बाराने भागून) आणि व्हॅन ९,३००. पेट्रोल ४,५००. सासूबाईंची औषधं २,६००. विमे ४,०००. एसआयपी आणि पीपीएफ मिळून १०,०००. बाहेर खाणं वगैरे ४,०००. सण, आहेर, लग्नकार्य ३,०००. इतर १४,०००. उरतात ५,५००, म्हणजे कागदावर उरतात.

तर प्रश्न दोन. हे ठीक चाललंय का? आणि हे मी नणंदेला न सांगता तुम्हाला का सांगतेय?

---

खमंग_काकडी | शनिवार, रात्री ११:३४

पोळ्या आणि भांडी दोन्ही ४,२००मध्ये??? धायरीत?? किती पोळ्या, एकवेळच्या की दोन्ही वेळच्या? कोथरूडला मी नुसत्या पोळ्यांचे ३,००० देतेय, त्याही दहा.

बाकी धाग्यावर नंतर लिहिते, आधी हे सांग.

---

फोडणीचा_भात | शनिवार, रात्री ११:४१

काकडी, सकाळच्या बारा पोळ्या आणि एकवेळची भांडी. रात्री भात-खिचडी, नावाला जागते. मावशी सहा वर्षं आहेत, दर वाढवला नाही म्हणून मलाच अधूनमधून टोचतं.

---

सव्वाशेर | रविवार, सकाळी ८:०५

उत्तर सोपं आहे. मिरवायला. नाव नसलं की नम्रपणे मिरवता येतं, एवढाच फरक. मागे एका ठिकाणी एक गृहस्थ "महिना साडेतीन लाखात भागत नाही, कुठे कापू?" असं विचारत होते. खाली पन्नास लोक मन लावून त्यांना काटकसर शिकवत होते. त्यांना सल्ला नको होता हो, साडेतीन लाख हा आकडा कुणीतरी वाचायला हवा होता.

आणि तुलना कशाशी करणार? एकाला वडिलांचा फ्लॅट आयता मिळालेला, दुसरा वीस वर्षांचा हप्ता भरतोय. एकाचे आईवडील पोर सांभाळतात, दुसऱ्याचे पाळणाघराला १२,००० जातात. बजेट मांडताना "घर स्वतःचं" एवढंच लिहितात. ते कुणाच्या पैशाने स्वतःचं झालं, हे कोण लिहितं? या अशा तुलनेतून फक्त पोटदुखी मिळते.

---

दोन_मांजरी | रविवार, सकाळी ९:१५

सव्वाशेर यांच्या दुसऱ्या परिच्छेदाला अनुमोदन, पहिल्याला नाही.

माझा किस्सा. तीन वर्षांपूर्वी अशाच एका चर्चेत एका बाईंनी चौघांचं खाणंपिणं ११,०००मध्ये भागवते असं लिहिलं होतं. माझं १९,००० जात होतं. दोन महिने मी अपराधी चेहऱ्याने डोंबिवलीच्या बाजारात हिंडले. तेल बदललं, तांदूळ बदलला, नवऱ्याचा सुकामेवा बंद केला. तरी साडेसतराच्या खाली गाडी येईना. मग एके दिवशी डोक्यात प्रकाश पडला. बाई शाकाहारी! आमच्याकडे बुधवार-शुक्रवार-रविवार मासळी, एका सुरमईच्या तुकडीला काय पडतात ते मासळी बाजारात जाणाऱ्याला विचारा. आमचं मासळीचंच ६,०००च्या वर जातं.

सुकामेवा परत सुरू केला. मासे तर कधी बंद केलेच नव्हते.

पण एक झालं. तोवर मला मासळीचा आकडा माहीतच नव्हता. तो "किराणा-भाजी"मध्ये गुपचूप बसला होता. दुसरीचा हिशोब वाचला म्हणून माझा कळला.

---

निवृत्त_अण्णा | रविवार, सकाळी १०:५०

आमचे वडील एक सुभाषित म्हणत, 'आयुर्वित्तं गृहच्छिद्रं' असं सुरू होणारं. नऊ गोष्टी प्रयत्नपूर्वक झाकून ठेवाव्यात, नव गोप्यानि यत्नतः. पहिली आपलं वय, दुसरी पैसा, तिसरी घरातलं भगदाड. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचंच मराठी रूप समजा.

आता गंमत पाहा. हे सुभाषित म्हणणारे वडील गिरगावात चाळीत दोन खोल्यांत राहत, १९७४ सालची गोष्ट. तिथे झाकणार काय? आरेच्या दूधकेंद्रावर कुणाच्या कार्डावर किती बाटल्या, हे रांगेतल्या सगळ्यांना दिसे. रेशनवर कुणी साखर सोडली, कुणी दुसऱ्याचीही उचलली, तेही दिसे. नळावर कुणाच्या लुगड्याला दांड घातलाय ते दिसे. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तर अख्ख्या चाळीचं बजेट होतं. लाल कापडी बांधणीची उधारीची वही. महिनाअखेरीला तो आईला म्हणे, "वहिनी, या खेपेस साखर दीड किलो जास्त गेली, पाहुणे होते वाटतं?" आई ओशाळून हसे. त्याला आमच्या घरातलं आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

म्हणजे मूठ झाकायची ती फक्त तोंडाने. डोळ्यांना सगळं दिसत होतं, त्यामुळे आपलं चाललंय ते चारचौघांसारखं आहे की नाही हा प्रश्नच पडत नसे. आता आम्ही ठाण्याला चौदाव्या मजल्यावर. समोरच्या दारातून रोज तीन तीन खोकी आत जातात, आत काय असतं देव जाणे. शेजारी महिन्याला २५,०००त राहतात की अडीच लाखांत, मला सांगता येणार नाही. फोभाताई नणंदेला सोडून इथे विचारतात याचं मला काही नवल वाटत नाही. वाण्याची वही गेली ना!

---

खमंग_काकडी | रविवार, सकाळी ११:०२

अण्णा, काय लिहिलंत! 

अवांतर: मी ती जपानी काकेबो, म्हणजे घरखर्चाची वही घेतली होती मागच्या वर्षी. १९०४ साली मोतोको हानी नावाच्या बाईंनी काढलेली पद्धत, महिना सुरू होताना चार प्रश्न स्वतःला विचारायचे वगैरे. वही ६०० रुपयांना पडली. तीन पानं भरली. त्या ६०० रुपयांची नोंद करायची राहिली ती राहिलीच.

---

गणकयंत्र | रविवार, दुपारी ४:३०

माझी नोकरी लोकांच्या घरी जाऊन खर्च विचारण्याचीच होती, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

फोभा, तुमचं उत्तर आधी. केंद्राच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत २०२३-२४चा शहरी भारताचा दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आहे, ग्रामीण ४,१२२. त्यात कर्जाचा हप्ता आणि बचत धरत नाहीत. तुमच्या १,१२,५००मधून हप्ता, एसआयपी-पीपीएफ, विमे आणि ते 'इतर' बाजूला ठेवलं तर राहतात ५३,०००. चौघांत १३,२५०. म्हणजे शहरी सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. तुम्ही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणत असाल, सगळेच म्हणतात. शहरातल्या सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा दरडोई आकडा २०,३१० आहे. त्यांच्यापेक्षा तुम्ही खाली आहात, पण मधोमध नक्कीच नाही.

खाण्यावर तुमचे किराणा, दूध, भाजी आणि बाहेरचं धरून २१,९००, म्हणजे ५३,०००च्या ४१ टक्के. शहरी भारताचा आकडा ३९.६८. किराण्यातून साबण-पावडर काढली की तुम्ही तिथेच याल. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७मध्ये बेल्जियमच्या कुटुंबांचे जमाखर्च तपासून सांगितलं होतं, की उत्पन्न वाढतं तसा खाण्यावरचा वाटा घटतो. तुमचं उत्पन्न दुप्पट असून वाटा तेवढाच, याचा अर्थ एकतर तुम्ही छान खाता किंवा दुसरे खर्च दाबताय. का, ते तुम्हाला ठाऊक.

आता लोक का सांगतात, यावर. आमचा अनुभव उलटा होता, लोक सांगत नसत. प्रश्नावली हातात घेऊन बसलं की पुरुषमंडळी पुढे येत. "गेल्या सात दिवसांत पान, तंबाखू, गुटखा?" "छे छे." स्वयंपाकघराच्या दारातून बांगड्यांचा आवाज. मग हळूच, "खोटं का सांगता, दिवसाला दोन पुड्या." आम्ही पेन थांबवून खाली बघायचं. अशा वेळी कुणाकडेच बघायचं नसतं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. २०२२-२३च्या पाहणीपासून तर एकाच घरी तीन महिन्यांत तीन फेऱ्या आहेत, वेगवेगळ्या प्रश्नावल्यांच्या. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचं म्हणणं, तिसऱ्या फेरीला लोक न विचारलेलंही सांगतात. का? कारण ते जाणार असतात. सोयरीक नाही, उधारी नाही, पुन्हा भेट नाही.

एक विचारू का, फोभा? त्या १४,०००चं 'इतर' म्हणजे काय? किराण्यापेक्षा मोठं 'इतर' मी नोकरीत कधी कोरं सोडलं नाही.

---

फोडणीचा_भात | रविवार, संध्याकाळी ६:१२

बाप रे, दुप्पट! मला खरंच वाटत होतं आपण काठावर आहोत. धन्यवाद गणकयंत्र.

इतर म्हणजे इतर हो :)

---

तांबडी_माती | रविवार, रात्री ९:४०

मी बार्शी तालुक्यातली. आमच्या बचत गटात अकरा जणी. दर सोमवारी समाजमंदिरात बैठक, आठवड्याला ५० रुपये बचत. मी सचिव आहे, म्हणून सगळ्यांची पासबुकं माझ्या पिशवीत.

तुम्ही म्हणताय परक्यांना सांगणं सोपं. आमच्याकडे सगळ्या ओळखीच्याच, दोघी तर सख्ख्या जावा आहेत. आणि कर्ज हवं तर कारण मोठ्याने सांगावं लागतं, ते इतिवृत्तात लिहितात. 'उमेद' या सरकारी अभियानाच्या ताईंनी सुरुवातीलाच पंचसूत्री पाठ करून घेतली होती. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, लिखाण अद्ययावत. पहिल्या वर्षी बायका कारण सांगताना पदर तोंडाला लावायच्या. आता बिनधास्त सांगतात. पण खरं सांगतात असं नाही. गेल्या वर्षी एकीने "म्हशीचं औषधपाणी" म्हणून ८,००० उचलले. म्हैस मागच्या पोळ्यालाच विकली होती, सगळ्यांना माहीत. पैसे पोरीच्या नर्सिंगच्या फीला पाहिजे होते आणि घरी पोरीच्या लग्नाचं चाललं होतं. इतिवृत्तात मी "म्हशीचं औषधपाणी" असंच लिहिलं. अकरा जणींनी सह्या केल्या. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

जुलै २०२४पासून लाडक्या बहिणीचे १,५०० येतात. त्याचं वेगळंच. बाईचा हा एकच पैसा असा आहे की ज्याचा आकडा आणि तारीख अख्ख्या गावाला पाठ. बाकी दहा जागचे दहा-वीस ती कुठंही सरकवून ठेवील, हा लपवता येत नाही. खात्यात आला की घरातला कोणीतरी एटीएमच्या रांगेत उभाच.

---

खमंग_काकडी | रविवार, रात्री ९:५८

तांबडी_माती, तुम्ही स्वतंत्र धागा काढा. प्लीज. अकरा सह्या वाचून अंगावर काटा आला.

---

उत्तरध्रुव | सोमवार, पहाटे २:३० (भारतातली. इथे अजून कालचंच चालू आहे.)

नॉर्वे, स्टाव्हांगर. रुमाल टाकून ठेवणार होतो, पण लिहूनच टाकतो.

इथे पैसा लपवायची सोयच नाही. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न, मालमत्ता आणि भरलेला कर ही माहिती करखातं खुली करतं. पूर्वी वर्तमानपत्रं त्याच्या याद्या करून टाकत, कुणीही बसल्या जागी शेजारी, साहेब, जुनी मैत्रीण, सगळ्यांचे आकडे काढावेत. २०१४पासून एक छोटासा बदल केला. तुम्ही कुणाचा आकडा पाहिलात तर ते त्या माणसाला कळतं. झालं, बघणाऱ्यांची संख्या धाडकन उतरली. माहिती तीच, तितकीच खुली. फक्त खिडकीतून डोकावताना आपलं नाकही पलीकडून दिसणार.

मी नवीन असताना नियम माहीत नसल्याने ऑफिसातल्या एकाचा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी तो अगदी शांतपणे म्हणाला, "काही शंका असेल तर मला विचार." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सव्वाशेर म्हणतात ते मिरवणं वगैरे थोडं असेलही. पण सांगणाऱ्यांपेक्षा इथे गुपचूप वाचून जाणारे किती असतील, त्यांचं काय? त्यांना बघायचंय पण बघताना दिसायचं नाहीये.

---

कॉट_बेसिस | सोमवार, सकाळी ७:१०

मी त्यातलाच. चार वर्षं वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद.

सदाशिव पेठ. एमपीएससी. कॉटचं भाडं ४,५००, मेस ३,४००, अभ्यासिका १,२००, चहा-नाश्ता-झेरॉक्स १,५००. झाले १०,६००. पप्पा ११,००० पाठवतात, सोयाबीनचे पैसे आले की कधी १२. दर महिन्याला फोनवर हिशोब सांगतो. चहा कमी सांगतो आणि झेरॉक्स जास्त.

तुमच्यासारख्यांचे हिशोब का वाचतो? पास झालो तर पुढे आयुष्य केवढ्याला पडतं ते बघायला. घरी तसं कोणी नाही ज्याला विमा, एसआयपी, सोसायटी मेंटेनन्स असले खर्च आहेत. ते शब्द मी इथेच शिकलो.

---

निवृत्त_अण्णा | सोमवार, सकाळी ८:२०

बाळा, लिहीत जा. आणि चहा कमी सांगत असशील तर निदान कमी पी तरी :)

---

सातवा_मजला | सोमवार, दुपारी १:१५

लंच ब्रेकमध्ये. मी पिंपळे सौदागरला राहतो, ज्याच्या दोन्ही बाजूंना आता फक्त काचेचे टॉवर आणि बिर्याणीची दुकानं आहेत. काही वर्षांपूर्वी मला कळलं की आमचं हे गाव जगभरच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना शंभर वर्षं ठाऊक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी इथे घरोघर फिरून कुणाची जमीन किती, तुकडे किती, मिळकत किती, कर्ज किती हे सगळं नोंदवलं आणि १९१७मध्ये छापलं. तेव्हाचं नाव पिंपळा सौदागर. निष्कर्ष एका ओळीत सांगायचा तर, बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं.

पुढे मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२३मध्ये मुंबईच्या गिरणी कामगार वगैरे कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून अहवाल काढला. जगण्याचा खर्च मोजायचा तर घराघरातला जमाखर्च हाती हवाच. आजही महागाईचा निर्देशांक असाच बनतो. २०१२ पायाच्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन १००पैकी ४५.८६ होतं, ते कुणीतरी कुणाच्यातरी ओट्यावर बसून विचारलेल्या प्रश्नांतूनच आलं. गणकयंत्र, दंडवत घ्या.

पण माझा मुद्दा वेगळा. मान यांच्या वहीत ज्यांची कर्जं लिहिली गेली त्यांना त्यातून काय मिळालं? काही नाही. सायबाने विचारलं, सांगितलं. सरकारी पाहणीचंही तसंच, माहिती वर जाते, खाली काही येत नाही. इथे मात्र आकडा टाकला की दहा मिनिटांत कोणीतरी सांगतं, तुमच्या मेंटेनन्समध्ये जीएसटी कशाला आकारलाय, दर सभासदामागे महिना ७,५००च्या आत असेल तर लागत नाही. (माझ्या बाबतीत हे खरोखर घडलं. सोसायटीने तीन महिन्यांचे पैसे परत वळते केले.) मला तरी हेच कारण पुरेसं वाटतं. बाकी मानसशास्त्र सावकाश.

---

सव्वाशेर | सोमवार, रात्री १०:०५

सगळे इतके भारावलेत की मूळ प्रश्न बाजूला राहिला. फोभा, गणकयंत्रांनी विचारलेलं मी पुन्हा विचारतो. सगळ्या रकमा शंभराच्या हिशोबात चोख, कोथिंबिरीची जुडी नोंदवणारी बाई आणि १४,०००वर एक शब्द. सांगायचं नसेल तर नका सांगू. पण मग मांडलंत कशाला?

---

दोन_मांजरी | सोमवार, रात्री १०:२०

सव्वाशेर, जरा बेताने. नाही सांगायचं त्यांना.

---

फोडणीचा_भात | बुधवार, रात्री १२:५०

दोन दिवस इथे फिरकले नाही. सव्वाशेर यांचा राग आला होता. मग वाटलं, प्रश्न बरोबर आहे. मांडलं कशाला?

१४,०००मधले १२,४४० हे पर्सनल लोनचा हप्ता आहे. ३,८०,०००चं कर्ज, ११ टक्क्यांनी, तीन वर्षांचं. नवऱ्याने शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घालवले. आधी बचतीतले गेले, मग ते भरून काढायला मित्राकडून घेतले, मग मित्राचे द्यायला बँकेचं कर्ज. मला कळलं ते बँकेचा मेसेज चुकून माझ्या नंबरवर आला तेव्हा. दुधाचा हिशोब लिहीत होते, ते नीट आठवतंय. कर्ज माझ्या नावावर नाही, पण शीट माझी आहे ना. तिच्यात ते कुठे लिहू? 'हप्ता'च्या रकान्यात घातलं तर सासूबाई विचारतात, त्यांना मोबाईलवर शीट वाचता येते, त्यांनीच मला हिशोब ठेवायला लावला. म्हणून 'इतर'.

चौदा हप्ते गेले, बावीस राहिलेत. नवरा वाईट माणूस नाही. त्याने ते ॲप काढून टाकलंय, त्या दिवसापासून पेपरातलं शेअरचं पानसुद्धा उघडत नाही. सेबीनेच २०२४मध्ये सांगितलं होतं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या धंद्यातल्या १००पैकी ९३ किरकोळ गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले. मी ती बातमी त्याला दाखवली नाही. त्याला ती माझ्या आधीच माहीत होती.

नणंदेला मी का नाही सांगितलं, ते आता कळलं असेल. तिला महिन्याचा खर्च सांगितला तर ती पगारातून वजा करणार, हुशार आहे. वजाबाकीत १२,४४० सापडणार नाहीत, आणि मग माझ्या भावाचं काय चाललंय म्हणून फोन. तुम्ही वजाबाकी केलीत तरी फोन करू शकत नाही. आणि अण्णा, तुमच्या यादीतलं तिसरं, घरातलं भगदाड, ते वाचून मी फोन उलटा ठेवून दिला होता.

पण कुणीतरी ते 'इतर' पकडावं असंही वाटत होतं बहुतेक. नाहीतर मी ते किराण्यात आणि पेट्रोलमध्ये वाटून टाकलं असतं. तेवढं एक्सेल मला येतं.

---

खमंग_काकडी | बुधवार, रात्री १:०४

जागी आहे. एवढंच सांगायला लिहिलं.

---

सव्वाशेर | बुधवार, सकाळी ७:३०

फोभाताई, माफ करा. मी मिरवणं म्हणालो होतो ते मागे घेतो.

आता कामाचं. तुमचं शिल्लक मुद्दल साधारण २,४६,०००-२,४७,००० असेल. कर्जाला ११ टक्के जातायत आणि पीपीएफला ७.१ मिळतायत. एकीकडे महाग पैसा घेऊन दुसरीकडे स्वस्तात ठेवताय. एसआयपी-पीपीएफचे १०,००० आणि उरणारे ५,५०० असे १५,५०० जर दरमहा याच कर्जात घातले, तर बावीसऐवजी दहाव्या महिन्यात संपतं. पीपीएफ खातं चालू राहायला वर्षाला ५०० पुरतात. आधी बँकेत विचारा, मुदतीआधी फेडल्यास दंड किती आणि अंशतः भरता येतं का. येत नसेल तर ते पैसे आरडीत साठवून एकरकमी फेडा.

---

दोन_मांजरी | बुधवार, सकाळी ९:४५

सगळेच्या सगळे घालू नका. दहा महिन्यांत सासूबाईंचं एक आजारपण निघालं की पुन्हा कर्ज काढाल. ५,५०० हातात ठेवा, १०,००० वळवा. दोनतीन महिने उशीर होईल, होऊ दे.

---

गणकयंत्र | बुधवार, सकाळी ११:१०

मांजरींशी सहमत. आणि माझ्या हिशोबातला तो कोरा भाग मी आता भरला. तुमच्या उत्पन्नाच्या मानाने दाबलेला खर्च कुठे गेला, ते जुळतंय.

---

तांबडी_माती | बुधवार, दुपारी ३:००

ताई, आमच्या इतिवृत्तात असतीस तर तुझीपण म्हैस आजारी पाडली असती.

---

फोडणीचा_भात | शुक्रवार, रात्री १०:३०

तांबडी_माती, वाचून इतकी हसले की नवऱ्याने विचारलं काय झालं. मग त्याला हा धागा दाखवला. पूर्ण वाचला त्याने, मधे एकदा उठून पाणी पिऊन आला. सव्वाशेर यांचं गणित त्याने पुन्हा मांडून बघितलं, बरोबर निघालं. काल बँकेत जाऊन आलाय, अंशतः भरता येतं, दंड आहे पण थोडा. १०,००० वळवणार, ५,५०० राहू देणार.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. ते त्याने सांगायचंय, मी नाही.

मावशींना या महिन्यापासून ३०० वाढवलेत. काकडीमुळे.

आणि शीटमध्ये बदल केला. आता 'इतर' १,५६० आहे.

---

खमंग_काकडी | शुक्रवार, रात्री १०:३३

आणि त्या १,५६०मध्ये काय असतं?

---

फोडणीचा_भात | शुक्रवार, रात्री १०:३५

ते नाही सांगणार.